गुलाबचा तोबरा

आमच्या घरात आधी घोडा जेवायचा. त्याच्यानंतर माझा नवरा, मग सासूबाई, मग मी. माझी दोन वर्षांची पोर तुंगा माझ्याच ताटात. तिला वेगळं ताट नव्हतं, कारण वेगळं वाढण्यासारखं काही उरतच नसे.

हे ऐकून बायका हसतात. हसू नका. घोड्याचा तोबरा भरल्याशिवाय घरात कुणी घास तोंडात घालायचा नाही, असा आमच्या घराण्याचा नियम होता, आणि तो मोडणारं माणूस त्या उंबऱ्याच्या आत जन्मलं नव्हतं. मी बाहेरून आलेली.

आमची गल्ली म्हैसूरच्या जुन्या घोडदळातल्या मराठ्यांची. महाराजांचं राज्य गेलं, घोडदळ गेलं, माणसं कुणी पोलिसात लागली, कुणी कारखान्यात, कुणी बँकेत शिपाई म्हणून. माझा नवरा भुजंगराव मात्र टांगा हाकायचा. उटीला जाता जाता थांबलेल्या प्रवाशांना राजवाड्याभोवती एक फेरी मारून आणायची, हा त्याचा धंदा. रस्त्यावर ऑटो वाढल्या होत्या, टांग्यात हौसेनं बसणारे कमी होत चालले होते. पण टांगा विकायचा विषय निघाला की सासूबाई, भवानीबाई, पदर खोचून उभ्या. "शिलेदार आम्ही!" शिलेदार म्हणजे स्वतःच्या मालकीच्या घोड्यावर चाकरी करणारा. दुसऱ्यानं दिलेल्या घोड्यावर बसतो तो बारगीर. माझे आजोबा बारगिराच्या घराण्यातले. वरुण्याच्या बाजूला जमिनीचा तुकडा मिळाला, तसे तिथेच नाचणी पिकवत राहिले. लग्न ठरवताना ही गोष्ट सासूबाईंनी चालवून घेतली आणि लग्न झाल्यापासून एक दिवस मला विसरू दिली नाही.

सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात. आमच्याकडे सुंभ कधीच राख झाला होता, नुसता पीळ शिल्लक होता.

त्या पिळाचं पहिलं म्हणणं असं की नाचणी मजुरांनी खायची. माझ्या माहेरी रोज नाचणीचे मुद्दे, म्हणजे उकडलेले गोळे, आणि त्यावर हुरळीचं सारु. हुरळी म्हणजे कुळीथ. लग्नानंतर मी माहेरून आणलेलं नाचणीचं पीठ चुलीपाशी काढलं, तर सासूबाईंनी डबाच हिसकावला. "रागी बेडा ह्या घरात! नाचणीचा वाससुद्धा नको. शिलेदार भात खातो." खायचा तर खायचा. रेशनचा पांढरा भात आणि त्यावर चिंचेचं पाण्यासारखं सारु. त्यात डाळ शोधावी लागे. तुंगानं अंगावरचं दूध सोडलं, तसं तिच्याही तोंडात तेच पडू लागलं.

आणि कुळीथ? ते घरात पोत्यानं होते. पण ते गुलाबचे. गुलाब म्हणजे आमचा घोडा, तांबडा, कपाळावर पांढरा टिळा असलेला. घोड्याचं अन्न माणसानं खायचं म्हणजे एक तर घोड्याच्या तोंडचा घास काढायचा, वर स्वतःला जनावरात जमा करून घ्यायचं. सासूबाईंच्या लेखी हे दुहेरी पाप होतं. रोज संध्याकाळी अंगणातल्या चुलीवर मोठ्या पातेल्यात कुळीथ शिजत. त्यात गूळ पडे, कोंडा पडे. असा वास सुटे की मला माहेरच्या चुलीपुढे बसल्यासारखं वाटे. तुंगा सरपटत जाऊन त्या पातेल्याशी बसायची. दोन वर्षं होऊन गेली तरी ती भिंत धरून जेमतेम उभी राहायची. पाय काटकुळे, पोट पुढे आलेलं, केस तांबूस. सासूबाई म्हणत, "बारगिराचं रक्त. उशिराच चालणार."

श्रावणात तिला ताप आला म्हणून मी तिला दवाखान्यात नेली. डॉक्टर व्यासराज चामराजपुरमचे ब्राह्मण, घरी मराठी बोलणारे. माझं बोलणं ऐकून खूश झाले. "अरे, मराठी! आमच्या घरीपण मराठीच." मग त्यांनी तुंगाला वजनाच्या काट्यावर ठेवलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हे काय? ही तर वर्षाच्या मुलाएवढी आहे. तुम्ही लोक मटण-बिटण खाणारे, अल्वा, हो ना? आमच्यात एखादं अशक्त निघालं तर समजू शकतो. तुमच्यात असं कसं?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आमच्या घरात मटण शिजायचं ते खंडेनवमीला, वर्षातून एकदा. त्यातलं मांस पुरुषांना, रस्सा बायकांना आणि हाडूक पोरांना चोखायला. पण ते डॉक्टरांना कोण सांगणार? त्यांच्या डोक्यात आमची जात उठल्याबसल्या मटणाच्या हंडीत हात घालत होती.

"बदाम द्या तिला. दोन वेळा दूध. सफरचंद किसून द्या," ते म्हणाले. टेबलाच्या काचेखाली त्यांच्या नातवाचा फोटो होता, गालांत डोळे बुडालेला. "हा नोडी, बघा. ह्याच्यामागे आमच्या घरात तिघी वाटी घेऊन फिरतात. साकु, साकु, पुरे म्हणून तोंड फिरवतो, तरी भरवतात."

आमच्याकडे घोड्यामागे फिरतात, हे माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं आणि पोरीला पदरात गुंडाळू लागले. तेव्हा त्यांना माझ्या लुगड्याकडे बघून काहीतरी सुचलं असावं.

"परवडत नसेल तर अंडं द्या. नाचणी द्या, हुरळी द्या. काहीतरी द्या, बाई. दिवाळीला परत आणा. तोपर्यंत काटा हलला नाही तर मी तिला मोठ्या हॉस्पिटलात पाठवणार. आणि स्पष्ट सांगतो, इतकी उतरलेली सगळीच मुलं तिथून परत येत नाहीत."

रस्त्यानं येताना मी घोकत आले. अंडं, नाचणी, हुरळी. नाचणी माहेरी होती. बाकीची दोन्ही माझ्याच घरात होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

घरी आले तर सासूबाई तोबऱ्यात अंडी फोडत होत्या. दसरा जवळ येत होता. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी देवळाचे पंच गल्लीत येऊन एक घोडा पसंत करत, तो मिरवणुकीत पालखीपुढे चाले. ज्याचा घोडा त्या घराला नारळ आणि फेटा. मागच्या वर्षी मान दुसऱ्या घरी गेला होता आणि सासूबाईंनी त्या घराशी अजून बोलणं सुरू केलं नव्हतं. ह्या वर्षी गुलाबची कातडी आरशासारखी करायची, असा त्यांचा पण होता. त्यासाठी आमच्या कोंबड्यांचं प्रत्येक अंडं गुलाबच्या पोटात जात होतं.

"आत्याबाई," मी म्हटलं, "डॉक्टर म्हणतात, तुंगाला रोज अंडं द्या."

"डॉक्टरला काय जातं सांगायला! कोंबड्या त्याच्या आहेत काय?"

"कोंबड्या आपल्याच आहेत. गुलाबचं एक कमी केलं तर..."

"अय्यो! घोड्याचं कमी करते म्हणे! गुलाब पळतो म्हणून तुझी चूल पेटते गे. तुझी पोर काय टांगा ओढते?"

हे बोलणं खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं. मी काही मूर्ख नाही. जो ओढतो त्यानं आधी खायचं, हे गरिबाच्या घरात कुणी शिकवावं लागत नाही. गुलाब बसला असता तर आम्ही सगळेच उपाशी बसलो असतो. पण अंडी टांगा ओढायला नव्हती. अंडी कातडी चमकायला होती. रस्त्याच्या कडेच्या लोकांनी माना वळवून घोडा बघावा म्हणून माझी पोर भिंत धरून उभी होती.

मी नवऱ्याकडे बघितलं. तो मूग गिळून बसला होता. तेवढे मूग पोरीच्या पोटात गेले असते तरी काही झालं असतं.

आमच्या गल्लीच्या खालच्या अंगाला मजुरांची वस्ती होती, तिथे सरकारी अंगणवाडी. तिथे पोरांना दुपारी उसळ आणि उप्पिट मिळे. दुसऱ्या दिवशी सासूबाई देवळात गेल्यावर मी तुंगाला घेऊन तिथे गेले आणि पोरांच्या रांगेत बसवली. तिनं दोन्ही हातांनी खायला सुरुवात केली. कुणीतरी जाऊन चहाडी केली असणार. सासूबाई तरातरा आल्या, रांगेतून पोर उचलली आणि तिच्या तोंडात बोट घालून घास बाहेर काढला.

तिथली बाई म्हणाली, "मगु खातंय अम्मा, लेकरू आहे, खाऊ द्या की."

सासूबाईंनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "शिलेदाराची नात कुणाच्या पंगतीला बसवलीस, कळतं काय तुला? हात पसरायची पाळी आलेली नाही आमच्यावर!"

घरी नेऊन त्यांनी तुंगाच्या डोक्यावरून गार पाणी ओतलं, विटाळ गेला म्हणाल्या. तापातून नुकती उठलेली पोर लटलट कापत होती. ही बाई मेली तर मी रडणार नाही, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. तसं वाटल्याची मला अजून लाज वाटत नाही.

मग मी चोर झाले. कुळीथ शिजवायचं काम माझंच होतं. पातेलं उतरवताना मी त्यातलं डावभर वेगळं काढायची, लसणीबरोबर ठेचायची, मीठ घालायची आणि तबेल्यामागे बसून तुंगाला भरवायची. ती इतकी घाईनं खायची की मला आवाजाची भीती वाटे. गुलाब मान वाकडी करून आमच्याकडे बघायचा. त्यानं कधी तक्रार केली नाही. जनावर होतं ते, त्याला घराण्याची अब्रू नव्हती.

असे काही दिवस गेले. तुंगा टांग्याच्या चाकाला धरून उभी राहू लागली, एकदा तर हात सोडून एक पाऊल टाकलं. मी आनंदानं ओरडणार होते, पण चोराला ओरडता येत नाही.

आणि मग पोरीनंच घात केला. रात्री मी भाताचा घास तिच्यापुढे धरला, तर तिनं तो ढकलला आणि सासूबाईंच्या समोर स्पष्ट म्हणाली, "हुरळी."

सासूबाई ताटावरून उठल्या. तुंगाचे हात हुंगले, तोंड हुंगलं. मग माझ्यावर आल्या. "घोड्याच्या तोंडचा घास काढलास! म्हणून रया गेली गुलाबची! म्हणून गळ्याखाली हाडं दिसतात त्याची!" गुलाबच्या गळ्याखाली हाडं दिसत नव्हती, चांगला भरदार होता. हाडं कुणाची दिसत होती ते त्यांना बघायचं नव्हतं. "बारगिराची जात! मालकाच्या घोड्याचा चंदी-चारा विकून पोट भरणारी!"

"विकला नाही. तुमच्या नातीला घातला."

"नात घोड्याचं खाते हे गल्लीत कळलं तर तोंड दाखवायला जागा राहील काय?"

तेव्हा माझा नवरा तोंड उघडून बोलला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा बोलला आणि काय बोलला? "घोड्याचं ते घोड्याला, वनजा. एवढं तरी पाळ की."

त्या एका वाक्यासाठी मी त्याला आजही मनातून शिव्या देते. दिवसभर टांगा हाकून दमलेला माणूस, आईपुढे ब्र काढायची हिंमत नसलेला, हे सगळं मला कळतं. कळून राग कमी होत नाही.

कुळथाचं पोतं लाकडी पेटाऱ्यात गेलं. किल्ली सासूबाईंच्या कमरेला. कुळीथ त्या स्वतः शिजवू लागल्या आणि ते शिजेपर्यंत चुलीजवळ पाट टाकून बसू लागल्या. कोंबड्यांचं खुराडंही त्याच उघडायच्या. माहेरी जावं, तर तिथे भावजयीचा संसार. चार दिवसांची पाहुणी म्हणून ठीक, पाचव्या दिवशी तिथेही ताटं वाजली असती.

तुंगाचं उभं राहणं थांबलं. आधी ती रडून मागायची. मग हात पुढे करायची. मग तेही बंद झालं. भिंतीला टेकून बसायची आणि समोरून कोण गेलं तरी मान वळवायची नाही. रडणाऱ्या पोराची आईला चीड येते. पण मागायचं थांबलेलं पोर बघून मीच तिला म्हणू लागले, रड गे, माग. दिवाळी जवळ येत होती.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी पंच आले आणि त्यांनी गुलाबला पसंत केलं. सासूबाईंचे पाय जमिनीवर राहिले नाहीत. दुसऱ्या दिवशी सगळे भाऊबंद आमच्याकडे जमले. सासऱ्यांचे थोरले भाऊ फत्तेसिंगराव, म्हणजे आमचे थोरले मामंजी, आले. ते उमेदीत महाराजांच्या पागेत होते, भाऊबंदात त्यांचा शब्द शेवटचा, आणि जिवंत माणसांत सासूबाई घाबरत त्या एकट्या त्यांनाच. घरातली गंजलेली तलवार पाटावर मांडली. गुलाबला न्हाऊ घालून झेंडूच्या माळा घातल्या, कपाळाला हळदकुंकू लावलं. पितळी परातीत शिजलेले कुळीथ आणि गूळ, त्यावर तूप, आणि मधोमध सोललेलं उकडलेलं अंडं, असा नैवेद्य त्याच्यापुढे आला.

रीत अशी की आरती झाली की घोड्यानं परातीत तोंड घालायचं. त्यानं दोन घास खाल्ले की उरलेला प्रसाद. घरातल्या प्रत्येकानं पुढे होऊन त्यातला एक दाणा जिभेवर ठेवायचा, घोड्याला हात जोडायचे आणि बाजूला व्हायचं. परात परत घोड्याला. लग्न झाल्यापासून मीही दर वर्षी एक दाणा घेत आले होते.

आरती झाली. गुलाबनं कडेचे दोन घास खाल्ले आणि मान वर केली. थोरल्या मामंजींनी दाणा घेतला, नवऱ्यानं घेतला, सासूबाईंनी घेतला. माझी पाळी आली. तुंगा माझ्या कडेवर होती. तिचं डोकं माझ्या खांद्यावर असं पडलं होतं की जणू त्या डोक्याचा मानेशी संबंध नव्हता. मी परातीपुढे गेले आणि फतकल मारून बसले. गुलाबनं तोंड न लावलेल्या बाजूचे मूठभर कुळीथ उचलले, बोटांनी कुस्करले आणि तिच्या तोंडात घातले.

"एक दाणा गे!" सासूबाई म्हणाल्या. "एकच दाणा घ्यायचा!"

मी दुसरा घास भरवला.

"वनजा! एक दाणा घ्यायची रीत आहे!"

"रीत प्रसाद घ्यायची आहे," मी म्हटलं. "किती घ्यायचा, ते कुठल्या देवानं सांगितलं?"

"ऊठ तिथून!"

मी उठले नाही. उठले असते तर सगळं तिथेच संपलं असतं. मी मान वळवून थोरल्या मामंजींना विचारलं. सासरच्या वडीलधाऱ्याशी मी इतक्या लोकांत तोंड वर करून पहिल्यांदाच बोलत होते. "मामंजी, हा प्रसाद आहे की नाही?"

"आहे की."

"मग लेकराला प्रसाद नाही म्हणायचा काय?"

म्हातारे खाकरले. आतून मटणाचा वास येत होता आणि पानं मांडलेली होती. त्यांना माझ्या पोरीची दया आली असं मी म्हणणार नाही, त्यांना भूक लागली होती. "प्रसादाला नाही म्हणायची रीत आपल्यात नाही," ते म्हणाले. "खाऊ दे तिला. चला, पानं घ्या."

अंडं मी कुस्करलं आणि सासूबाईंच्या डोळ्यांत डोळे घालून सगळं तुंगाला भरवलं. खाता खाता तिनं माझ्या खांद्यावरचं डोकं उचललं.

दसरा झाला. गुलाब पालखीपुढे चालला, नारळ आला, फेटा आला, सासूबाईंनी तो गल्लीभर दाखवून आणला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या तोबरा भरायला अंगणात आल्या, तर मी परात मांडून, निरांजन लावून तयार.

"हे काय?"

"आरती."

"खंडेनवमी झाली."

"झाली. गुलाब काय एका दिवसाचा देव? ह्याच्यावर घर उभं आहे, असं तुम्हीच म्हणता."

त्या तोंड उघडणार, तेवढ्यात मी घंटा हाणायला सुरुवात केली. मुद्दाम जोरात. शेजारच्या बायका कुंपणापाशी जमल्या. नुकताच मान मिळालेला घोडा, घरची सून त्याची आरती करते म्हटल्यावर त्या कौतुकानं हात जोडून उभ्या राहिल्या. आता सासूबाई काय बोलणार? माझ्या घोड्याची पूजा करू नकोस, असं लोकांसमोर त्यांच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं. दात खात त्यांनीही हात जोडले. परातीत कुळीथ त्यांनाच वाढावे लागले, वर एक अंडंही ठेवावं लागलं. गुलाबनं दोन घास खाल्ले. मग मी प्रसाद घेऊन बसले.

रोज असं चाललं. रोज घंटा, रोज निरांजन, रोज सासूबाईंचा तो चेहरा. गुलाबला घंटेची इतकी सवय झाली की ती वाजली की तो मान हलवी.

मी जिंकले असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं आपलं पोर रोज संध्याकाळी घोड्यापुढे बसवून बघावं. मी कितीही कडेचं उचललं, तरी ते उष्टं होतं. आधी जनावरानं तोंड लावायचं, मग माझ्या लेकीनं खायचं. डॉक्टरांच्या नातवामागे तिघी फिरत होत्या, आणि माझ्या पोरीनं गिळलेल्या प्रत्येक घासासाठी मला घोड्याला ओवाळावं लागत होतं. ओवाळताना तोंडानं आरती चालू असायची आणि मनात शिव्या.

पण तुंगा उभी राहिली. मग चालली.

दिवाळीला मी तिला दवाखान्यात न्यायला निघाले, तर सासूबाईही नवी साडी नेसून बरोबर निघाल्या. मान मिळाल्यापासून त्यांना चार माणसांत मिरवायची सवयच लागली होती. दवाखान्यात आमच्या गल्लीतल्या बायका पोरं घेऊन बसल्या होत्या, खालच्या वस्तीतल्याही होत्या. तुंगाला काट्यावर ठेवलं. काटा हलला. मागच्या आकड्याच्या जरासाच पुढे, पण हलला.

डॉक्टर व्यासराज खूश झाले. "अरे वा! काय दिलंत? बदाम दिलेत ना?"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई पुढे झाल्या. "बदाम कशाला, डॉक्टर? शिलेदाराची नात आहे ही. आमच्या घरात काय कमी आहे? जे असेल ते आधी हिलाच, मग आम्ही सगळे."

हे ऐकून माझ्या डोळ्यांपुढे लाल झालं. तिच्या तोंडातून काढलेला घास मला दिसला, डोक्यावर ओतलेलं पाणी दिसलं.

"खोटं," मी म्हटलं.

"काय?" डॉक्टर म्हणाले.

"आधी घोड्याला. घोडा खातो आणि त्यातलं उरलेलं हिला. घोड्याचं उष्टं खाऊन वजन वाढलंय हिचं, डॉक्टर. घरात हुरळीचा पेटारा भरलाय, पण त्याची किल्ली ह्यांच्या कमरेला आहे. कोंबड्यांची अंडी घोडा खातो. मी रोज घोड्याची आरती करते तेव्हा ह्या पोरीला खायला मिळतं."

बाकावरच्या बायकांच्या माना आमच्याकडे वळल्या. मग खालच्या वस्तीतली एक बाई दुसरीला म्हणाली, "अय्यो, घोड्याचं उष्टं? मगुला?" आणि आमच्या गल्लीतली, मागच्या वर्षीच्या मानाच्या घरातली सून पदर तोंडाला लावून हसली. डॉक्टर पेनाचं टोपण काढत आणि लावत राहिले. सासूबाईंचा चेहरा मी त्या दिवशी नीट बघून घेतला.

येताना त्या माझ्या पुढे चालत होत्या. गल्लीच्या तोंडाशी थांबल्या. "घराण्याची अब्रू बाजारात मांडलीस."

"अब्रू तुमची आहे," मी म्हटलं. "पोर माझी आहे."

मला वाटलं, आज घरातून हाकलणार. मी मनात कपड्यांचं बोचकंसुद्धा बांधून ठेवलं. संध्याकाळी त्या रोजच्यासारख्या चुलीपाशी बसल्या. कुळीथ शिजले. मी परात मांडली, घंटा उचलली. त्यांनी ती माझ्या हातातून ओढून घेतली आणि अंगणाच्या कोपऱ्यात भिरकावली. मी पोरीला मागे घेतलं आणि उभी राहिले. आज हाणामारी झाली तरी चालेल, अशी माझी तयारी होती.

सासूबाईंनी पातेल्यावरचं झाकण काढलं. स्वयंपाकघरातून एक वाटी आणली, घरातली सगळ्यात मोठी. गूळ आणि कोंडा घालायच्या आधीचे कुळीथ त्यात काढले, फुंकर मारली आणि वाटी तुंगापुढे आदळली.

"खा गे," त्या म्हणाल्या. "आणि उद्या कुणी विचारलं तर सांगायचं, आमच्यात आधी मी खाते."

ही त्यांची माया नव्हती. त्या हसणाऱ्या सुनेचं तोंड त्यांना बंद करायचं होतं, दुसरं काही नाही. मला ते कळत होतं आणि मला त्यांची माया नकोच होती. मी मीठ आणून वाटीत घातलं.

तुंगानं दोन्ही हात वाटीत घातले. तबेल्यात गुलाबला वास गेला. तोबरा अजून रिकामाच होता. तो खूर आपटू लागला, मग खिंकाळला, मग पुन्हा खूर आपटू लागला.

"थांब की रे मेल्या!" मागे वळूनही न बघता सासूबाई त्याच्यावर खेकसल्या.